मथुराबायचे हात

मथुराबायला जपानला नेणार हे मला कळलं तेव्हा माझ्या हातातला चहा नव्या साडीवर सांडला. खोटं कशाला बोलू, आनंदबिनंद काही झाला नव्हता. मी पर्यवेक्षिका. माझ्याकडे चोवीस अंगणवाड्या. बी.ए. झालेली, बालमानसशास्त्राचा डिप्लोमा केलेली, इंग्रजी वाचता येणारी. आणि पुण्याच्या एका संस्थेने जपानमधल्या बालवाडीत तीन आठवडे शिकायला निवडलं कुणाला, तर रेवदंड्याच्या अलीकडच्या कोळीवाड्यातल्या आठवी पास सेविकेला, जिने लाँचने भाऊच्या धक्क्यापर्यंत जाण्यापलीकडे प्रवास केलेला नव्हता. संस्थेचं म्हणणं असं की जिच्या हातात रोज मुलं असतात तिलाच न्यायचं, तपासणाऱ्यांना नाही. बरोबरच होतं ते. पण बरोबर गोष्ट झोंबत नाही असं थोडंच आहे.

मथुराबाय ठेंगणी, रुंद खांद्यांची, डोक्यात कायम एक अबोलीचा तुटका वळेसर. हात मात्र तिच्या उंचीच्या मानाने मोठे, मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदलेले. ते हात कधी स्वस्थ बसलेले मी पाहिले नव्हते. बोलता बोलता एखाद्याचं नाक पुसायची, दुसऱ्याचं बटण लावायची, तिसऱ्याला चड्डी चढवायची, आणि माझ्याशी बोलणं चालूच. मुलं मोजायची तिची पद्धत वेगळी. डोकी मोजायचीच नाही, दाराबाहेरच्या चपला मोजायची. पोरं हलतात, चपला हलत नाहीत, म्हणायची. एकदा मी रजिस्टर घेऊन हजेरी घेतली तर एकोणीस भरली आणि तिने चपलांवरून अठरा सांगितली. शोधलं तर माझ्याच हजेरीत एका मुलाने दोनदा 'हजर' म्हटलं होतं. तेव्हापासून त्या बाबतीत मी तिच्या नादी लागले नाही.

तिचा अभिमान एकच होता. माझ्या वाडीत पोर रडत नाही. सकाळी बायका बंदरावर लिलावाला जायच्या, कुणी वाळवणावर मासळी पसरायला, आणि पोर मथुराबायच्या ओट्यावर सोडलं की मागे वळून बघायचं नाही. दोघं भांडली तर ती घारीसारखी झेप घ्यायची. मोठ्याच्या पाठीत एक हलका धपाटा, लहानग्याचा मुका, कमरेच्या पिशवीतून दोघांना एकेक लिमलेटची गोळी, खेळ संपला. खिचडी ती स्वतः भरवायची, सहा पोरांना समोर बसवून, एकेक घास फिरता. तपासणीच्या वहीत मी दरवर्षी 'अत्यंत मायाळू' असा शेरा मारत आले. तो मनापासूनच होता.

त्या वेळी तिच्याकडे स्वरा नावाची चार वर्षांची मुलगी होती. बरीच वर्षं वाट पाहून झालेली एकुलती एक, आणि बोलत नव्हती. तालुक्याच्या डॉक्टरांनी कान बघितले, जीभ बघितली, सगळं ठीक आहे म्हणाले. पण वाड्यातल्या लोकांनी पोर मुकी ठरवून टाकली होती. मथुराबायला तिच्या नुसत्या मान वळवण्यावरून कळायचं, हिला पाणी हवंय की मोरीवर जायचंय. बोट उचलायच्या आत पेला पुढे. आम्ही सगळे त्याचं केवढं कौतुक करायचो.

तर ही बाई जपानला गेली. मी दहादा बजावूनही तिने सामानात सुकट घातलीच, आणि विमानतळावर ती काढून घेतली गेली. डब्यावर चार पिशव्या बांधल्या होत्या, पण तिथल्या पोलीसबाईच्या नाकाला समजला, असं ती पुढे सांगायची. तीन आठवड्यांनी परत आली तेव्हा मी सगळ्या सेविकांची बैठक लावली. आता फोटो दाखवील, कागदाचे पक्षी करून दाखवील, अशी आमची समजूत. ती उभी राहिली, म्हणाली, थंडी लई होती, भात आपल्यासारखाच हाय, मासं कच्चं खातात. आणि बसली. बाकीच्या हसल्या. मला आतून बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

पंधरा दिवसांनी मी न कळवता तिच्या अंगणवाडीत गेले आणि दारातच थिजले. अंगणात रुद्र नावाचा पाच वर्षांचा दांडगा आणि एक लहानगा पत्र्याच्या डब्यावरून जुंपले होते. लहानग्याच्या मुठीत रुद्रचे केस, रुद्रच्या हातात डबा, दोघंही भोकाड पसरलेली. आणि मथुराबाय चार पावलांवर उभी. हात पाठीमागे, त्यात पदराचं टोक गच्च आवळलेलं, ओठ मिटलेले, कपाळावर घाम. मला वाटलं बाईला काहीतरी झालंय, जागच्या जागी झटका आलाय. मी धावले, पोरं सोडवली, डबा लहानग्याला दिला. तशी ती हळूच म्हणाली, "मॅडम, मी पन तिथं ह्येच केला होता."

मग ओट्यावर बसून तिने मला ती गोष्ट सांगितली, जी बैठकीत सांगितली नव्हती. तिथल्या बालवाडीची बाई साचिको, वयाने हिच्याच एवढी. हिच्या तोंडी ती साचीबाय. तिसऱ्या दिवशी वाळूत दोन पोरं बादलीवरून भांडायला लागली. साचीबाय जवळ जाऊन उकिडवी बसली आणि नुसती बघत राहिली. मथुराबायला काही ते सहन होईना. ही उठली, दोघांना वेगळं केलं, बादली लहान्याला दिली, आणि कसं मिटवलं अशा तोऱ्यात साचीबायकडे बघितलं. साचीबाय नुसती कमरेत वाकली. संध्याकाळी सगळ्या बायका दिवसभराचं बोलायला बसल्या तेव्हा तिने दुभाष्याकरवी विचारलं, तुम्ही त्या मुलांकडून काय घेतलंत? ही म्हणाली, घेतला कुठं, मी तर बादली दिली. साचीबाय म्हणाली, ती दोघं महिनाभर या भांडणाच्या शेवटापर्यंत पोचायला बघताहेत. आज पोचली असती.

मथुराबाय त्या रात्री जेवली नाही. एवढ्या वर्षांच्या कामावर परक्या बाईने बोट ठेवलं, तेही वाकून, गोड बोलून. परत जायचं तिकीट काढून द्या म्हणून तिने संस्थेच्या माणसाला सांगितलंसुद्धा. पण सकाळी साचीबायने तिला बोलावलं आणि आपल्या शेजारी बसवून घेतलं. दिवसभर दोघी हात मागे घेऊन बसल्या. साचीबायची सवय हात मांडीवर ठेवायची, पण हिला ते जमेना, हात आपोआप उठायचे. म्हणून पदराचं टोक पाठीमागे धरायची युक्ती तिने स्वतःच काढली.

मी हे सगळं ऐकलं आणि तिला सरळ झापलं. जपानच्या बालवाडीत किती पोरांमागे किती बायका असतात, आपल्याकडे ती आणि एक मदतनीस. उद्या कुणाचा डोळा फुटला तर उत्तर मी द्यायचं. ती व्हय व्हय म्हणत राहिली आणि केलं मात्र तिच्या मनासारखंच. पुढच्या भेटीत बघते तर पोरं आपापली खिचडी वाढून घेताहेत. मधे पातेलं, पळी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. निम्मं ताटात, निम्मं चटईवर.

आणि मग ते झालंच. एका सकाळी गॅस उशिरा पेटला, खिचडी उशिरा उतरली, पोरं भुकेली. पातेलं तसंच मधे आलं. पळी धरायची तीच पहिली वेळ असलेल्या स्वराच्या हातून ती निसटली आणि गरम खिचडी तिच्या पावलावर पडली. केवढा फोड आला. पोर किंचाळली, पण त्यात शब्द एकही नव्हता. हे मला मदतनिसाने फोनवर सांगितलं.

संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात अख्खा कोळीवाडा जमला. स्वराची आई वैशाली, जी एरवी कुणाला वर मान करून बोलत नसे, ती उभी राहून म्हणाली की जपानला जाऊन आल्यापासून या बाईची माया आटली. आधी ही माझ्या पोरीला घास भरवायची, आता गरम पातेल्यापुढे बसवते. बाईला काढा. माणसांनी माना डोलावल्या. मला वाटलं मथुराबाय आता गॅसवर ढकलील, मदतनिसावर ढकलील, निदान जपानवर तरी. ती उठली आणि वैशालीसमोर जमिनीवर बसली.

"साचीबाय पळी पोराच्या हातात देन्याआधी आपल्या मनगटाला लावून बघते," ती म्हणाली. "रोज. मी ह्ये डोल्यानी बघितला आनि इथं इसरले. तिचा अर्धाच धडा घेऊन आले मी. चूक तुझ्या पोरीची न्हाय, माझी हाय."

मग म्हणाली, मला काढायचं तर किल्ली आत्ता देते, पण स्वराला घरात बसवू नका, जी कुणी येईल तिच्याकडे पाठवा. हे इतकं उघड कबूल करणारं माणूस मी सरकारी नोकरीत पाहिलं नव्हतं. घरी आले आणि अहवाल लिहायला बसले. आणि मी काय लिहिलं? 'परदेशातील पद्धतींचे अंधानुकरण करून सेविकेने बालकांच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष केले.' खाली सही. त्यातलं दुर्लक्ष खरं होतं. अंधानुकरण हा शब्द मात्र त्या सांडलेल्या चहातून आला होता, आणि लिहिताना मला ते ठाऊक होतं.

माझ्या वरच्या साहेबांनी तिच्या हाती लेखी ताकीद दिली आणि मला सांगितलं, दहा दिवस तिथे बसा, मग ठेवायची की काढायची ते तुम्हीच लिहा. वैशालीने आठवडाभर पोरीला घरी ठेवलं, पण लिलावाची वेळ कुणासाठी थांबत नाही. मॅडम स्वतः बसणार असतील तर पाठवते, म्हणाली. म्हणजे त्या बाईची नोकरी आणि त्या पोरीचं काय व्हायचं ते, दोन्ही माझ्या डोळ्यांवर येऊन ठेपलं.

पहिल्या दिवशी गॅसच्या वर भिंतीला काहीतरी चिकटवलेलं दिसलं. जवळ जाऊन बघते तर ताकीदपत्र. लोक असली पत्रं ट्रंकेच्या तळाशी घालतात, हिने पिठाने भिंतीला डकवलेलं. रोज पळी उचलताना दिसला पायजे, म्हणाली. पातेलं आता उतरवून पाण्याच्या परातीत ठेवलेलं असायचं, पळी लहान, आणि मुलांपुढे जायच्या आधी तिच्या मनगटाला लागायची.

मी खुर्चीवर वही घेऊन बसले होते, पण किती वेळ? तासाभरात तीनदा उठले. एकाची चप्पल उलटी म्हणून, एकीला पाणी ओतता येईना म्हणून. तिसऱ्या वेळी मथुराबाय माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, हात मागं." मला, माझ्या हाताखालच्या सेविकेने. राग आला की लाज वाटली ते अजून ठरलेलं नाही, पण हात मागे गेले. आणि हात बांधून उभं राहणं ही किती मेहनत आहे ते मला त्या दहा दिवसांत कळलं. ती नुसती उभी नसायची. तिचे डोळे अंगणभर फिरत असायचे. एकदा रुद्रने दगड उचलला तर माझ्या लक्षात यायच्या आत तिने तो त्याच्या मुठीतून काढून घेतलेला होता. मी ज्याला दुर्लक्ष म्हटलं होतं ते लक्ष होतं, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त.

याच दिवसांत एकदा फोनच्या पडद्यावर साचीबायशी बोलणं झालं. महिन्यातून एकदा व्हायचं ते, मधे संस्थेची दुभाषी मुलगी. मथुराबायने भाजल्याची हकीकत काही न लपवता सांगितली. मग साचीबाय म्हणाली की तिच्या तिसऱ्या वर्षी एक मुलगा झाडावरून पडला, त्याचा हात मोडला. ती फांदी तिने आधी स्वतः हलवून बघायची होती आणि बघितली नव्हती. तो मुलगा आता बाप झालाय, तरी ती दर वर्षाअखेरी त्याच्या आईला भेटायला जाते. एवढ्या दूरची, एवढी शिकलेली बाई, आणि तिच्याही हातून असं झालेलं. मथुराबायने पदर डोळ्यांना लावला. फोन ठेवल्यावर मात्र म्हणाली की साचीबाय जरा वाळलेली दिसते.

राहिली स्वरा. ती जेवायला ओळीत बसायची, पळी फिरत फिरत यायची आणि तिच्यावरून पुढे जायची, कारण ती हात पुढे करायची नाही. सगळ्यांचं झालं की मथुराबाय पातेलं तिच्यापुढे सरकवायची, वाढून मात्र द्यायची नाही. स्वरा तिच्याकडे बघायची, मान वळवायची, पूर्वीसारखी. आणि मथुराबाय पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करायची. तिच्या बाजूला मी बसले होते म्हणून मला दिसलं, ती रडत असायची. माझ्या वाडीत पोर रडत नाही म्हणणारी ती, पोरांच्या वाटचं स्वतः रडत होती. स्वरा मग आपलं आपण थोडं वाढून घ्यायची आणि गुमान जेवायची.

आठव्या दिवशी पळी रुद्रच्या हातात होती. त्याने ती स्वराच्या डोक्यावरून पलीकडे द्यायला हात लांब केला, आणि स्वराने पळीचं टोक धरलं. त्याने ओढली, तिने ओढली. खिचडी उडाली, माझ्या वहीवर पडली. तो तिच्या दुप्पट अंगाचा. मी उठलेच, पण मागे घेतलेलं माझं मनगट मथुराबायने धरून ठेवलं, इतकं घट्ट की दोन दिवस वळ राहिला.

"माजी पाळी हाय," स्वरा म्हणाली.

खणखणीत. अख्ख्या खोलीला ऐकू गेलं. रुद्रला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. "मंग घे ना," म्हणाला आणि पळी सोडली. स्वराने वाढून घेतलं, पळी पुढच्याला दिली आणि जेवायला लागली.

मथुराबाय खोलीत नव्हती. पाण्याच्या टाकीमागे सापडली, तोंडात पदर कोंबून बसलेली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मॅडम, दोन वरसं तिची जीभ मीच झालते. तिला बोलू कवा दिला मी?" मी वैद्य नाही, दुसऱ्या एखाद्या मुलाचं न बोलण्याचं कारण दुसरं असेल. पण 'अत्यंत मायाळू' हा शेरा दरवर्षी कुणी मारला होता, ते मला आठवत होतं.

दुसरा अहवाल मी त्याच दिवशी लिहिला. पहिला मी मत्सरापोटी लिहिला असं सरकारी कागदावर लिहिण्याची सोय नसते, म्हणून 'पुनर्निरीक्षणाअंती' असं लिहिलं आणि तिला ठेवावं अशी शिफारस केली. तिला मात्र खरं ते तोंडी सांगितलं. ती म्हणाली, मना ठाऊक होता, मी जपानला गेले तवा तुमी स्टँडवर पन आलात न्हाय. एवढंच. निवृत्त होईपर्यंत तिने ते ताकीदपत्र भिंतीवरून काढलं नाही.

माझी बदली श्रीवर्धनकडे झाली. फोन व्हायचे, मग कमी झाले. मथुराबायला झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, हे मला चार महिन्यांनी कळलं. मी दुसऱ्याच दिवशी निघाले. दाराबाहेर लहान चपलांचा एक जोड होता. आत खाटेवर ती बसलेली. वळेसर नव्हता, तोंड एका बाजूला ओढलेलं, तो गोंदलेला उजवा हात उशीवर नुसता ठेवलेला. समोर स्टुलावर पेजेची वाटी. डाव्या हातात चमचा, आणि तो चमचा तोंडापर्यंत पोचत नव्हता. अर्ध्या वाटेत हलायचा, पेज छातीवर सांडायची, पुन्हा वाटीत. घरातली माणसं बंदरावर गेलेली. शेजारी जमिनीवर एक आठ-नऊ वर्षांची मुलगी बसली होती आणि नुसती बघत होती.

मला काही ते बघवेना. पिशवी टाकली, पुढे झाले आणि चमच्याला हात घातला.

"मॅडम, हात मागं," ती मुलगी म्हणाली.

मी वळून बघितलं. स्वराने स्वतःचे हात पाठीमागे घेतलेले होते आणि फ्रॉकचं टोक मुठीत आवळलेलं होतं. मथुराबाय माझ्याकडे बघत होती, ते डोळे तसेच होते. मी चमचा सोडला. हात मागे घेतले, पदर धरला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, गरम असेल ना गं ती.

"न्हाय," स्वरा म्हणाली. "मी मनगटाला लावून बघितली."

चौथ्या खेपेला चमचा तोंडापर्यंत पोचला. बरीचशी पेज सांडली होती, थोडी आत गेली. मथुराबायने ती गिळली आणि चमचा पुन्हा वाटीत घातला.